साप जेवत नाही तेव्हा



आपल्या वऱ्हाडात सापाविषयी बोलणं निघालं की बहुधा दोनच गोष्टी निघतात. साप चावला तर काय करायचं, ही एक. आणि साप दूध पितो की नाही, ही दुसरी. पहिली भीतीपोटी निघते, दुसरी भक्तीपोटी. साप काय खातो, किती दिवसांनी खातो आणि कधी खात नाही, हे विचारायची वेळ आपल्यावर कधी आलीच नाही. तो धुऱ्यावरचा, वारुळातला, जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगातला. त्याचं पोट त्याच्यापाशी, आपलं आपल्यापाशी.

अलीकडे मात्र एक नवा प्रश्न आपल्या शहरांतही ऐकू येऊ लागला आहे. ‘साप जेवत नाही, काय करू?’ हा प्रश्न विचारणारा माणूस गारुडी नसतो. तो कॉलेजात शिकणारा किंवा नुकता नोकरीला लागलेला मुलगा असतो. आणि त्याचा साप वारुळातून आलेला नसतो, तर अमेरिकेतला असतो. त्याचं नाव कॉर्न स्नेक. आपण त्याला मक्याचा साप म्हणू.

हा साप दिसायला फार देखणा. केशरी अंग, त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके, पोटाला पांढऱ्या-काळ्या चौकटी. विष नाही, अंगात मस्ती नाही, लांबी साधारण चार-पाच फूट. अमेरिकेच्या आग्नेय भागात तो रानात राहतो आणि शेतकऱ्यांच्या मक्याच्या कोठारांतही शिरतो. मका खायला नव्हे, मक्यावर येणारे उंदीर खायला. काही जण म्हणतात, कोठारामुळे त्याला हे नाव पडलं. काही म्हणतात, पोटावरची नक्षी रंगीत दाण्यांच्या कणसासारखी दिसते म्हणून पडलं. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. अकोल्याच्या दालमिलच्या गोदामात आपली धामण जे काम बिनपगारी करते, तेच हा साप तिकडे मक्याच्या कोठारात करतो. आपल्याकडचा तस्कर नावाचा बिनविषारी साप पाहिलात, तर त्याला या मक्याच्या सापाचा लांबचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

हा साप पिंजऱ्यात सहज रुळतो, अशी त्याची ख्याती आहे. म्हणून जगभर तो पाळला जातो. त्याचे पांढरे, गुलाबी, पिवळे असे कितीतरी रंगांचे वाण माणसाने तयार केले. आपल्या देशातही तो येऊ लागला. काही सरळ मार्गाने, काही वाकड्या. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ११ साप सापडले. त्यांतले ९ बॉल पायथन होते आणि २ मक्याचे साप. बिस्किटाच्या पुड्यात घडी घालून बसवलेला जीव उद्या कुणाच्या तरी काचेच्या पेटीत सोडला जाणार आणि त्याच्यासमोर उंदीर ठेवून कुणीतरी म्हणणार, ‘खा बाबा!’ तो खाईल कसा?

मी कवी माणूस. सापाचं माझं ज्ञान पुस्तकातलं आणि जाणत्यांकडून ऐकलेलं. पण अमरावतीत आमच्या मोहल्ल्याला लागून असलेल्या कॉलनीतला एक मुलगा मे महिन्याच्या एका दुपारी मला म्हणाला, ‘‘चाचा, तुमच्या ओळखीचे कोणी जनावराचे डॉक्टर हायेत का?’’ मी म्हटलं, ‘‘काऊन रे? बकरी घेतली का?’’ तर म्हणतो, ‘‘नाही चाचा. साप हाये माया. दीड महिना झाला, काहीच खात नाही.’’ त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘भाऊ, सापाचं तं सोडा. थो जेवत नाही म्हणून यानंबी जेवण सोडलं. आता मी कोणाकोणाले भरवू?’’

या माउलीने आधीच बरंच सोसलं होतं. घरच्या फ्रीजमध्ये पन्ह्याच्या बाटलीशेजारी डब्यात बंद केलेला गोठवलेला उंदीर ठेवायला परवानगी देणं, ही वऱ्हाडातल्या आईसाठी काही लहान गोष्ट नाही.

अकोल्याचे एक वयस्क पशुवैद्य माझ्या ओळखीचे आहेत. आयुष्य गाई-म्हशींत गेलं, पण सापाची आवड. त्यांच्याकडे आम्ही त्या मुलाला घेऊन गेलो. साप पिशवीत होता. डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवली आणि सापाऐवजी मुलाचीच तपासणी सुरू केली. पेटी कुठे आहे? तिच्यात लपायला जागा आहे का? दिवसातून किती वेळा त्याला हातात घेतोस? शेवटची कात कधी टाकली? उंदीर जिवंत देतोस की मेलेला? किती मोठा? शेवटचं वजन किती होतं?

या प्रत्येक प्रश्नामागे कारण होतं. साप खात नाही याची कारणं किती साधी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. ती आपल्यालाही सांगावीशी वाटतात.

पहिलं कारण उष्णतेचं. आपल्या अंगात स्वतःची शेगडी आहे. बाहेर थंडी असो की ऊन, आपलं अंग तेवढंच गरम राहतं. सापाकडे ही शेगडी नाही. तो उष्णता बाहेरून घेतो आणि त्या उष्णतेवर त्याची पचनाची भट्टी चालते. मक्याच्या सापाला पेटीच्या एका टोकाला २८ ते ३० अंश आणि दुसऱ्या टोकाला त्याहून थंडावा लागतो, म्हणजे त्याला हवं तेव्हा इकडून तिकडे जाता येतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा पडतो, तेव्हा त्याची भूक मंदावते. अंग गार असताना गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडतो, हे त्याच्या शरीराला कळतं. तो तोंड फिरवतो ते शहाणपणाने. उलट मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बंद काचेची पेटी त्याच्यासाठी भट्टी होते. तेव्हा प्रश्न भुकेचा उरत नाही, जिवाचा होतो.

दुसरं कारण कात. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ-निळसर होतात. त्याला नीट दिसत नाही, अंग हुळहुळं होतं. त्या आठ-दहा दिवसांत बहुतेक साप खात नाहीत. कात टाकली की भूक परत येते.

तिसरं कारण ऋतूचं. विणीच्या हंगामात नराचं लक्ष जेवणात नसतं आणि अंडी पोटात असलेली मादी जागेअभावी जेवण टाळते. हे तर आपल्यालाही समजण्यासारखं आहे.

चौथं कारण खाण्याचंच. अंड्यातून निघालेली पिल्लं रानात पाली, सरडे, छोटे बेडूक खातात. त्यांच्यासमोर आपण उंदराचं पिल्लू ठेवतो. त्यांना तो पदार्थ ओळखीचाच नसतो. अनुभवी माणसं मग उंदराला पालीचा वास लावून देतात आणि पिल्लू खाऊ लागतं. काही वेळा भक्ष्य फार मोठं असतं. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा ते फार मोठं नसावं. आणि जिवंत उंदीर तर देऊच नये. भूक नसलेल्या सापापाशी रात्रभर सोडलेला उंदीर सापालाच कुरतडतो.

पाचवं कारण भीतीचं. आणि त्या मुलाच्या बाबतीत नेमकं तेच होतं. साप उन्हाने होरपळू नये म्हणून त्याने पेटी कूलरच्या लोखंडी स्टँडला टेकवून ठेवली होती. आपले वऱ्हाडी कूलर कसे असतात, ते मी सांगायला नको. दिवसभर थरथरतात, घरघरतात. सापाला आपल्यासारखे बाहेर कान नाहीत. पण जमिनीतली थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून कळते. आमचे डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘अरे, तू त्याला चालत्या मालगाडीत राहायला दिलं आणि वरून ताट वाढलं.’’ त्यात भर म्हणजे मित्र यायचे. साप हातात घ्यायचे, गळ्यात घालायचे, फोटो काढायचे. पेटीत लपायला काहीच नव्हतं, चारही बाजूंनी काच. रानात जो जीव आयुष्यभर दडून राहतो, त्याला आपण काचेच्या चौकात बसवतो आणि म्हणतो, जेव.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही. त्यांनी वजन पाहिलं. ते जवळपास आधीच्याइतकंच होतं. तोंड उघडून पाहिलं. जखम नव्हती, चिकटा नव्हता. मग चार गोष्टी सांगितल्या. पेटी आतल्या, शांत खोलीत न्यायची. तिच्या दोन्ही टोकांना दोन खापरं पालथी घालायची, एकेक तोंड ठेवून. पाणी ताजं ठेवायचं. आणि आठ दिवस हात लावायचा नाही. आठ दिवसांनी संध्याकाळी मेलेला उंदीर कोमट पाण्यात गरम करून खापराच्या तोंडाशी ठेवायचा, पेटीवर फडकं टाकायचं, दिवा मालवायचा आणि निघून जायचं. पहिल्या वेळी सापाने तो खाल्ला नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ठेवला. सकाळी उंदीर नव्हता. मुलाच्या आईने त्या दिवशी शेजाऱ्यांना शिरा वाटला, असं मी ऐकलं.

त्या डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे. ते म्हणाले, ‘‘जनावर खात नाही, तेव्हा ते आपल्याला काहीतरी सांगत असतं. आपण ऐकायचं सोडून त्याच्या तोंडात कोंबायला जातो.’’

श्रोतेहो, या कोंबण्याविषयी थोडं बोलायला हवं. साप खाईना की पाळणाऱ्याचा जीव कासावीस होतो. मग तो चिमट्याने सापाचा जबडा उघडतो, उंदीर आत ढकलतो. सापाचे दात मोडतात, घशाला जखम होते, आणि एवढं करून तो ते उलटून टाकतो. उलटीने तो आणखी खंगतो. जबरदस्तीने भरवणं हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि तो जाणकार पशुवैद्यानेच करायचा आहे. सापाला इतकी घाई नसते. २००७ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात मार्शल मॅक्यू नावाच्या संशोधकाने ६२ सापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मक्याच्या सापाचे जवळचे भाऊबंद, म्हणजे तिकडचे उंदीरखाऊ साप होते, बॉल पायथन होते आणि खुळखुळे साप होते. जवळपास सहा महिने हे साप अन्नावाचून राहिले. त्यांच्या शरीराने आपला खर्च कमी केला. काहींनी तर विसाव्याच्या वेळचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत कमी केला. आणि नवल असं, की या उपाशी काळातही त्यांची लांबी थोडी वाढली.

म्हणजे सापाने महिनाभर खाल्लं नाही म्हणून छाती पिटायचं कारण नाही. मात्र याचा अर्थ, निवांत बसावं असाही नव्हे. तो अभ्यास प्रयोगशाळेतला होता. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या अंगात एवढी शिल्लक नसते, ते लवकर खचतं. मोठ्या सापाचं वजन आठवड्याला एकदा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यासारख्या काट्यावर करून वहीत लिहावं. ते दहावा हिस्सा घटलं, तोंडात फेस किंवा चिकटा दिसला, श्वासाला शिटीसारखा आवाज आला, उलटी झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावं. वाट पाहणं आणि दुर्लक्ष करणं यात वहीतल्या त्या आकड्याचा फरक असतो.

आता माझ्या मनातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. सापाला भरवण्याची आपली घाई नवी नाही. काचेची पेटी नवी आहे, घाई जुनी आहे. नागपंचमीला दारात टोपली घेऊन येणारा गारुडी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. टोपलीचं झाकण उघडायचं, नागाने फणा काढायचा, बायाबापड्यांनी वाटीभर दूध पुढे करायचं. नाग दूध पितोय असं दिसलं की घर धन्य.

त्या दुधामागची गोष्ट वेगळी आहे. नाग दूध पीत नाही. साप हा सस्तन प्राणी नव्हे, दूध पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. पण त्याला आधी अनेक दिवस अन्नपाण्यावाचून टोपलीत कोंडलेलं असतं. विषाचे दात उपटलेले असतात, कित्येकदा तोंडही शिवलेलं असतं. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल त्या पातळ पदार्थाला तोंड लावतो. ते दूध काही वेळा फुप्फुसात जातं, पोटात सडतं, आणि पंचमीनंतर थोड्याच दिवसांत तो नाग मरतो. ‘सापाला दूध पाजलं तरी तो विषच ओकतो’ असं आपण म्हणतो. उर्दूतही ‘आस्तीन का साँप’ आहेच. म्हणींमध्ये सापाने नेहमी माणसाला फसवलं आहे. टोपलीतल्या नागाला विचारलं, तर तो म्हण उलटी सांगेल.

मी मुसलमान घरात वाढलो. रमजानमध्ये दिवसभर पोटात अन्न-पाणी नसणं म्हणजे काय, ते लहानपणापासून माहीत आहे. माझ्या शेजारच्या घरांत श्रावणातले सोमवार, एकादशी, चतुर्थी पाळतात. त्यांनाही ते माहीत आहे. रोजा असो की उपास, त्यात एक गोष्ट सारखी आहे. तो आपण आपल्या मर्जीने धरतो आणि सूर्य मावळला, चंद्र उगवला की आपल्याच हाताने सोडतो. मर्जी काढून घेतली की उरते ती नुसती उपासमार. टोपलीतल्या नागाचा उपास त्याचा नसतो, आपला सण असतो आणि उपासमार त्याची. ज्याने उपास धरला आहे, त्याला हा फरक समजावून सांगायची गरज नसावी.

आणि आपल्या परंपरेत यावर उत्तर नाही, असंही नाही. आमच्या शेजारच्या काकू पंचमीला पाटावर गंधाने नाग काढायच्या. लाह्या, दूध, आघाडा वाहायच्या. त्या दिवशी घरात चिरणं-कापणं नाही, चुलीवर तवा नाही, शेतात नांगर नाही. का, तर मातीतल्या कुठल्याही जिवाला इजा होऊ नये. ज्या सणाचा नियम इतका हळवा आहे, त्याच सणाला तोंड शिवलेला नाग दारात येतो, हे कसं जुळायचं? देवाच्या नावाने मुक्या जनावराचा जीव घेऊ नका, हे सांगत गाडगेबाबा याच मुलखात फिरले. १९५६ साली अमरावतीजवळ वलगावला त्यांनी देह ठेवला. त्यांचा खराटा आता आपल्या हाती आहे.

गारुड्याला मात्र मी शिव्या देणार नाही. त्याच्या टोपलीत एक भूक असते, तर टोपलीबाहेर दुसरी, त्याच्या लेकराबाळांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातला साप पकडणं, पाळणं, त्याचा खेळ करणं बंद केलं. ते योग्यच झालं. पण मदारी-गारुडी लोकांच्या हातात दुसरं काम ठेवायला आपण विसरलो. तमिळनाडूत १९७८ साली इरुळा समाजाच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. रॉम्युलस व्हिटेकर यांनी त्यासाठी खटपट केली. तिथे इरुळा लोक परवान्याने साप पकडतात, औषधासाठी त्यांचं विष काढतात आणि साप परत रानात सोडतात. ते विष सर्पदंशावरची लस बनवायला जातं. तेच हात, तेच कसब, पण टोपलीचा शेवट मरणात होत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात सर्पमित्रांनी मोठं काम केलं आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांना दाखवायला. आज अमरावती-अकोल्यातही फोन केला की रात्री-अपरात्री धावून येणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्यातल्या जाणत्यांकडून मी एक गोष्ट ऐकली. रानातून पकडलेला मोठा साप घरात ठेवला, तर तो बहुधा खात नाही. नाग असो, घोणस असो, की धामण असो, कोपऱ्यात वेटोळं करून बसतो किंवा काचेवर नाक घासून घासून रक्तबंबाळ होतो. गुप्तधनाच्या आणि औषधाच्या थापांना भुलून माणसं मांडूळ माठात कोंडून ठेवतात, गिऱ्हाईक येईपर्यंत. तोही तसाच खंगतो. म्हणून खरा सर्पमित्र साप बरणीत मिरवत नाही. वनविभागाला कळवतो आणि पकडला त्याच भागात लवकरात लवकर सोडून देतो. विषारी सापाशी खेळणं तर जिवावरचं काम आहे. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत शेतात राबणारी माणसं किती असतील, ते आपण वऱ्हाडकर जाणतो. साप लांब राहावा आणि जगावा, यातच दोघांचं भलं.

तर, आपल्या मातीतल्या सापाने खाणं सोडलं, तर त्यावर हुकमी औषध आहे. दार उघडा, त्याला जाऊ द्या. तो खाईल.

मक्याच्या सापाला हे औषध लागू पडत नाही. त्याला आपण मेळघाटात सोडू शकत नाही. इथला उन्हाळा आणि इथले शत्रू त्याच्या ओळखीचे नाहीत, तो मरेल. आणि समजा, जगलाच, तर ते आणखी वाईट. कॅरिबियन समुद्रातल्या काही बेटांवर माणसाने नेलेले हे साप रानात पसरले आणि तिथल्या पक्ष्यांना, पालींना भारी पडले. म्हणजे या सापाला मागचं दार नाही. पेटी हेच त्याचं रान, आणि पाळणारा हाच त्याचा पाऊस, तोच ऊन. पिंजऱ्यात हा साप १५-२० वर्षं जगतो. आज अठराव्या वर्षी घेतलेला साप मुलाच्या लग्नात असेल, बदलीत असेल, त्याच्या लेकराच्या पहिल्या शाळेच्या दिवशीही असेल.

म्हणून ज्यांच्या घरी मुलांनी असा साप मागितला असेल, त्या आईबापांना माझं सांगणं आहे. ‘शी, साप!’ म्हणून झिडकारू नका. मुलाला जिवांची ओढ आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याला तीन प्रश्न विचारा. हा साप कुठून आला, त्याचे आयातीचे, जन्माचे, विक्रीचे कागद आहेत का? मे महिन्यात वीज गेली, तर त्याचं काय करशील? आणि तो दोन महिने जेवला नाही, तर त्याला हात न लावता बसायची तुझी तयारी आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ज्याचं उत्तर मनापासून ‘हो’ असेल, त्यानेच पुढचा विचार करावा. बाकीच्यांनी पावसाळ्यात आपल्या शिवारात फिरावं, जाणत्या माणसाबरोबर. धामण दिसेल, दिवड दिसेल, नशीब असेल तर तस्कर दिसेल. त्यांना जेवू घालायची काळजी नाही. त्यांचं ताट आपल्या गोदामातल्या उंदरांनी आधीच वाढून ठेवलं आहे.

आणि ज्यांच्या घरी साप आलेलाच आहे, आणि तो जेवत नाही, त्यांनी आज रात्री एवढंच करावं. पेटीजवळ जमिनीवर हात टेकवून पाहावा, थरथर लागते का. आतली ऊब मोजावी. लपायला आडोसा ठेवावा, वाटीतलं पाणी बदलावं, वजन वहीत लिहावं, पेटीवर फडकं टाकावं आणि दिवा मालवावा.